रांगेतले सात हंडे

आमच्याकडच्या खासदारांची जागा मुदतीआधीच रिकामी झाली आणि लोकसभेची पोटनिवडणूक लागली, तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती देशाची नव्हे, माझ्या रजेची. साताऱ्याला चुलत बहिणीचं लग्न होतं, साडी घेऊन झाली होती, आणि साहेबांनी माझा रजेचा अर्ज न वाचताच परत दिला. निवडणूक शाखेतल्या कारकुनाने निवडणुकीत रजा मागायची म्हणजे आचाऱ्याने ऐन लग्नसराईत सुट्टी मागायची. हे मलाही कळत होतं, पण म्हणून राग यायचा थोडाच राहतो! मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बेलापूरला सरकारी कचेऱ्या नुकत्या कुठे यायला लागल्या होत्या. आमची इमारत इतकी नवी की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. खिडकीबाहेर गवत, गवतापलीकडे खाडी. मी वाशीला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि देशावरची असल्यामुळे समुद्र ही फक्त सहलीला जाऊन बघायची गोष्ट आहे अशी माझी पक्की समजूत होती. माझं काम मतदार याद्यांचं. नाव घाला, नाव दुरुस्त करा, नाव वगळा. दिवसभर माणसांची नावं हाताखालून जायची आणि एकाही नावाला चेहरा नसायचा.

चेहरा असलेलं पहिलं नाव त्या तांडेलाचं. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य. होडी त्याच्या शब्दावर चालते आणि खलाशांचा जीव त्याच्या भरवशावर असतो. हा उरणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातला, साठीकडे झुकलेला, काटकुळा, पण आवाज असा की बोलला की शाखेतले सगळे मान वर करून बघायचे. आदल्या निवडणुकीत तो मत द्यायला गेला तर यादीत नावच नव्हतं. याद्या करणारा माणूस घरोघर फिरला तेव्हा हा दर्यावर होता. समोर दिसली म्हणून बायकोचं नाव राहिलं, नवरा दिसला नाही म्हणून त्याचं गळलं. इतका साधा हिशोब.

नाव परत घालून घ्यायला त्याने किती खेपा घातल्या! पहिल्यांदा पुरावा म्हणून होडीचा परवाना घेऊन आला. मी म्हटलं, हा होडीचा पुरावा झाला, तुमचा नाही. दुसऱ्यांदा रेशनकार्ड आणलं, पण आमची जेवणाची सुट्टी चालू होती आणि त्याला परतायची घाई होती. तिसऱ्यांदा आला तो दार बंद करायच्या वेळेला. दर वेळी वेगळीच वेळ. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, ऑफिसची वेळ बघून येत जा की."

"बाय, मी भरती बगून निगतो," तो म्हणाला. "तुमच्या हापिसाला रोज एकाच टायमाला भरती येते, ती मना कशी जमायची?"

शाखेतले सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण बोलणं मला लागलं होतं. मी जरा तिखटपणेच विचारलं, की एका मतासाठी एवढी वणवण कशाला?

तो रागावला नाही. खिडकीकडे बोट करून म्हणाला, "आमची शेती गेली. मिठागर गेला. तिथं आता तुमच्या बिल्डिंगी होनार. नाव तरी ऱ्हाऊ दे ना जाग्याव."

मी त्याच दिवशी त्याचा अर्ज पुढे सरकवला. नवी यादी छापून आली तेव्हा तो पुन्हा आला, मला नाव मोठ्याने वाचायला लावलं, मग परत एकदा वाचायला लावलं, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर केळीच्या पानात बांधलेले सुके बोंबील होते. शाखेत दोन दिवस वास होता.

तर पोटनिवडणूक लागली आणि मला मतदान अधिकारी म्हणून नेमकं त्याच गावचं केंद्र मिळालं. आमचे केंद्राध्यक्ष दुसऱ्या एका खात्यातले अधीक्षक होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं, धोतर सोडून पॅंटीत आले पण टोपी सोडली नाही अशा पिढीतले. निवडणुकीची पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. कुणी काहीही विचारलं की आधी "नियम काय म्हणतो?" असं स्वतःलाच विचारायचे आणि मग उत्तर द्यायचे. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं, "ड्युटीवरच्या लोकांनी टपालाने मत द्यायचा अर्ज भरलाय ना? तुम्ही दुसऱ्या गावी असणार, तुमचं मत असंच जायला नको."

मी "हो" म्हटलं. तो अर्ज वाटायचं काम माझंच होतं. गठ्ठा माझ्याच खणात होता. भरू उद्या, असं म्हणता म्हणता राहिला होता. लग्न हुकल्याचा राग होताच, शिवाय एका मताने काय होतंय, असंही कुठेतरी मनात होतं.

मतदानाच्या आदल्या दुपारी आम्ही मतपेटी, मतपत्रिका, शाईची बाटली, लाख, मेणबत्त्या असा सगळा संसार घेऊन गावच्या शाळेत उतरलो. सकाळी आठाला मतदान सुरू व्हायचं होतं. साडेसातला दार उघडून बाहेर पाहिलं तर बायकांची रांग मजबूत. हिरव्या-तांबड्या लुगड्यांनी अंगण भरून गेलेलं. आणि पुरुषांच्या रांगेत एकही पुरुष नव्हता. शाळेच्या भिंतीला लागून ओळीने हंडे मांडून ठेवलेले होते. तांब्याचे, पितळेचे, ॲल्युमिनियमचे, एक चेपलेला, एकाला कान नाही.

केंद्राध्यक्ष साहेबांना वाटलं नळाची रांग आहे. गावचा नळ शाळेच्या बाजूलाच होता. ते शिपायाला म्हणाले, "हे सगळं बाजूला करा. मतदान केंद्राच्या आवारात पाण्याची रांग चालणार नाही."

शिपायाने पहिल्या हंड्याला हात लावला आणि बायकांच्या रांगेतून एकदम कल्ला उठला. एक बाई पुढे आली. मी तिला ओळखलं. तांडेलाची बायको. नवरा तिसऱ्या खेपेला तिला साक्षीदार म्हणून घेऊन आला होता.

"साहेब, ती पान्याची रांग नाय. मताची हाय," ती म्हणाली. "आमची मानसं दर्यान गेलीत. दुपारच्या भरतीला येतील. तवर ह्यो त्यांचा नंबर."

झालं होतं असं की मतदानाची तारीख पौर्णिमेला लागून आली होती. ज्यांनी तारीख ठरवली त्यांनी कॅलेंडर पाहिलं असेल, तिथी पाहिली नव्हती. पौर्णिमेचं उधाण म्हणजे यांच्या जाळ्यांचे दिवस. ते चुकवून घरी बसणं परवडणारं नव्हतं. होड्या रात्रीच्या पाण्याबरोबर गेलेल्या आणि दुपारच्या पाण्याबरोबर परतणार. तेवढा वेळ जागा धरायला बायकांनी हंडे ठेवले, जसे त्या रोज नळावर ठेवतात. लोकसभेच्या रांगेत असं करायचं नसतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हंड्याला मत नसतं," साहेब म्हणाले.

"मत कुटं मागतोय हंडा? जागा धरून बसलाय नुसता. नळाव हंड्याला कुनी हात लावत नाय, चार तास कुनी आला नाय तरी. तुमी का लावता?" मग तिने वाकून एका पितळी हंड्यावर टकटक वाजवलं. त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, आपल्या घरच्या भांड्यांवर असतं तसं. "नाव बगा. तुमच्या कागदावचं पुसला जातं. ह्याच्यावचं नाय पुसत."

मी वाशीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या नळाचा विचार करत होते. तिथे बादली ठेवून कुणी वर चहाला गेलं की खाली आल्यावर बादली जिन्यात सापडायची. शिकलेली, नोकरीची माणसं आम्ही! खरं सांगते, त्या क्षणी मला त्या गावाचा हेवा वाटला.

साहेबांनी दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींकडे पाहिलं. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे ते दोघे एका आवाजात म्हणाले, "राहू द्या साहेब." ती मतं आपल्यालाच पडणार याची दोघांनाही खात्री असावी. साहेब हंड्यांच्या ओळीवरून एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "नियम हंड्यांबद्दल काही म्हणत नाही. राहू देत. पण पाच वाजता मी माणसं मोजणार, भांडी नाही."

दुपारी भरतीला होड्या लागल्या आणि मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. ओल्या अंगाने माणसं शाळेत आली, प्रत्येकाने आपापला हंडा उचलला, काखेत मारला आणि बरोबर त्याच जागी उभा राहिला. हूं नाही की चूं नाही, ढकलाढकली नाही, 'मी आधी' नाही. आतापर्यंत मी जितकी मतदानं पाहिली त्यात इतकी शिस्त कुठेच पाहिली नव्हती. हातातली शाईची काडी तशीच धरून मी बघत राहिले. साहेबांनीही चष्मा काढून पुसला.

तीन वाजता भिंतीशी सात हंडे उरले. सहा खलाशांचे, आणि सगळ्यांत शेवटी तो पितळी, तांडेलाचा. त्याची एकट्याची होडी आली नव्हती. होडीचं मशीन बंद पडलंय आणि ते शिडावर येतायत, असं दुसऱ्या होडीवाल्याने सांगितलं. पण वारा पडलेला होता आणि पाणी उतरायला लागलं होतं. त्याची बायको शाळेच्या पायरीवर बसून खाडीच्या तोंडाकडे बघत होती. तिचं मत सकाळीच देऊन झालं होतं.

मला मात्र बसवेना. त्या नावासाठी त्याने घातलेल्या सगळ्या खेपा मला माहीत होत्या. माझ्या हाताने मी ते यादीत घातलं होतं, आणि आता ते माझ्या पुढ्यातल्या कागदावर खूण नसलेलं पडलं होतं. मी दर पाच मिनिटांनी उठून दारात जाई आणि साहेब माझ्याकडे रागाने बघत.

चारनंतर होडी दिसली. खाडीच्या तोंडाशी आली आणि थांबली. खाली पाणीच नव्हतं. ओहोटीने मधला सगळा भाग उघडा पडला होता. नुसता काळा चिखल, मांडीपर्यंत रुतेल असा. होडीवरून माणसं उतरलेली दिसली. कुणी फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत होता, कुणी नुसताच पाय उपसत चालला होता. गाव सगळं बांधावर जमून ओरडत होतं. मी मोजत होते. सहा.

पाचाला दोन-तीन मिनिटं असताना ते शाळेच्या अंगणात आले. कमरेपर्यंत चिखल, हात कोपरापर्यंत काळे. प्रत्येकाने आपल्या हंड्याजवळ जाऊन जागा घेतली. साहेब सही केलेल्या सात चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले. मतदानाची वेळ संपताना रांगेत जे असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्या रांगेच्या शेपटापासून द्यायच्या, म्हणजे मागून कुणाला घुसता येत नाही. तसा नियमच आहे. साहेब शेपटाकडे गेले. शेपटाला हंडा होता.

एक नंबरची चिठ्ठी हातात धरून ते त्या हंड्यासमोर उभे राहिले. वाकून त्यांनी त्याच्यावरचं नाव वाचलं. मग विचारलं, "हे कुठे आहेत?"

"होडीव," बायको म्हणाली. "पानी उतरलं की होडी कलते. कलली का मग भरतीला पानी आत घुसला, जाला-दोरी, मशीन, समदा जाईल. टेकू लावून कुनीतरी धराया पायजे."

"मग दुसऱ्या कुणाला ठेवायचं."

"तांडेल शेवटी उतरतो साहेब. बाकीची मानसं आधी." हे तिने असं सांगितलं, जसं आपण आज वार कोणता ते सांगतो.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. खाडीकडे पाहिलं. दूर होडीच्या कडेला काठी रेटून उभा असलेला माणूस दिसत होता, एवढासा. मी मनात म्हणत होते, द्या, देऊन टाका ती चिठ्ठी, कुणाच्या बापाचं काय जातंय! पाच वाजले. साहेब एक पाऊल पुढे आले आणि एक नंबरची चिठ्ठी त्यांनी हंड्याच्या पुढच्या खलाशाला दिली. सहा चिठ्ठ्या संपल्या. सातवी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

मला त्यांचा भयंकर राग आला. आज येत नाही. सकाळपासून हंडे राखले ते त्यांनीच, आणि पाच वाजता माणसं मोजली तीही त्यांनीच. सकाळी जे म्हणाले तेच संध्याकाळी केलं.

पण आता दुसरीच अडचण. त्या चिखलाच्या हातांनी मतपत्रिका धरली असती तर मोजणीत मत बाद व्हायची भीती. साहेब म्हणाले, "हात धुऊन या." खलाशी नळाकडे बघायला लागले. नळाला पाणी सकाळी तासभर. हंडे सगळे रिकामे. जागा धरायला भरलेला हंडा कोण ठेवणार?

तांडेलाची बायको उठली. तिने शेवटचा पितळी हंडा दोन्ही हातांनी उचलला. तो भरलेला होता. "मानूस दर्यान असतो तवर त्याचा हंडा मी रिता नाय ठेवत," असं माझ्याकडे बघून म्हणाली, आणि एकेकाच्या हातावर पाणी ओतत गेली. सहा जणांनी हात धुतले, तिने पुढे केलेल्या लुगड्याच्या पदराला पुसले आणि आत येऊन मतं दिली. सहाही बोटांना मी शाई लावली. शाई लावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

मतपेटीला लाखेचं सील करताना साहेबांचं बोट भाजलं. डायरीत त्यांनी लिहिलं: पाच वाजता रांगेत सहा मतदार, सहांनी मतदान केले. मी म्हटलं, "सातव्याचं काहीच नाही?" ते म्हणाले, "त्याला रकाना नाही." निघताना मात्र ते एकटेच बांधावर गेले, टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले आणि येऊन गाडीत बसले.

कोण निवडून आलं ते महत्त्वाचं नाही. आठवडा झाला असेल. आमची जेवणाची सुट्टी चालू होती आणि तो दारात उभा. नेहमीप्रमाणे चुकीच्या वेळी. मी डबा बंद केला आणि त्याला खुर्ची दिली.

"बाय, येक इचाराचं व्हता. या बारीला मत नाय टाकला म्हनून नाव काढनार तं नाय ना?"

"छे हो. असं कुणी काढत नाही."

"बगून सांग."

मी यादी काढली, पान उघडलं. त्याने आपल्या डाव्या हाताची तर्जनी त्या नावाखाली ठेवली. बोट कोरं होतं. त्याने समाधानाने मान हलवली आणि मग त्याची नजर यादी धरलेल्या माझ्या हातांवर गेली. बाटली हाताळून माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर शाईचे डाग अजून होते. डाव्या तर्जनीवर काही नव्हतं.

"समद्या गावाला शाई लावलीस, आन तुजंच बोट कोरं?" तो म्हणाला. मग त्याचा त्यालाच उलगडा झाला आणि तो मायेने हसला. "ड्यूटीव व्हतीस. म्हंजे तुला पन माज्यासारकी होडी धरून उबं ऱ्हावा लागला."

मी "हो" म्हटलं.

ज्या टेबलावर त्याने कोपर टेकलं होतं त्याच्याच खणात माझा टपाली मताचा अर्ज होता. कोरा.